उपरण्याखालचा आकडा

घोडेगावच्या बाजारापर्यंत पोहोचलेला तो म्हैसचोरीचा गुन्हा मी विसरलेलो नाही. पोलीस सेवेत याहून मोठे गुन्हे हाताळले. पण चोर सापडल्यावर खरी लढाई सुरू झाली, असा तो एकच. नावं सांगत नाही, कारण माणसं अजून त्याच बाजारात उठतात-बसतात.

देवळाली प्रवरा भागातून म्हशी चोरीला जात होत्या. दावं कापायचं, टेम्पोत जनावर चढवायचं, की पुन्हा पत्ता नाही. एके दिवशी खबऱ्याचा फोन आला. "साहेब, नागापूरच्या मागं एका शेडमधी म्हशी बांधल्यात. चारा लई येतो, पन दूध कुठं जाताना दिसत न्हाई." एवढ्यावर आम्ही छापा घातला. खबर अशीच असावी, कमी शब्दांची आणि डोळ्यांनी पाहिलेली.

शेडमधला टेम्पोवाला बेरका निघाला. म्हशी माझ्याच, यावर तो अडून बसला. मग मी देवळालीच्या फिर्यादी बाईंना बोलावलं आणि पंच उभे केले. बाईंनी दारातूनच हाक मारली. रांगेतली शेवटची म्हैस रेकायला लागली, दाव्याला हिसके देऊ लागली आणि बाईंनी कासेला हात लावताच तिनं पान्हा सोडला. पंचनाम्यात तसं लिहून घेतलं. टेम्पोवाल्याचा चेहरा उतरला आणि तो बोलायला लागला.

बोलायला लागलेला आरोपी लवकर थांबत नाही. आधी खरं सांगतो, मग साहेबाला खूश करायला वाटेल ते सांगतो. यानं घोडेगावच्या एका जुन्या दलालाला ओढलं. बाजार त्यांना अण्णा म्हणत असे. "अण्णा शेतकऱ्याला कमी आकडा सांगतो, व्यापाऱ्याकडून जास्त घेतो, मधले पैसे गडप. म्या शेजारी उभं राहून बघितलंय साहेब!" जबाब लिहून घेतला, ते आमचं कामच. मग अण्णांची चौकशी केली, शेतकरी विचारले, व्यापारी विचारले. कुणीही त्याच्या बोलण्याला दुजोरा दिला नाही, आणि चोरीशी तर अण्णांचा काडीचाही संबंध निघाला नाही. दोषारोपपत्रात तसं स्पष्ट लिहून ते एकट्या टेम्पोवाल्याविरुद्ध न्यायालयात पाठवलं. माझ्यापुरतं प्रकरण मिटलं.

बऱ्याच महिन्यांनी अण्णा ठाण्यात आले. खांद्यावर उपरणं, ओठ घट्ट मिटलेले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. "साहेब, त्या चोराच्या बोलन्यावर माझं खातं बंद झालं."

झालं होतं असं. त्या जबाबाची प्रत आयकर खात्यात पोहोचली. तिथल्या अधिकाऱ्यानं, अण्णांनी लपवलेलं उत्पन्न सापडलं असं समजून, जुन्या वर्षाच्या फेरआकारणीची नोटीस काढली. अण्णांनी उत्तर दिलं की हा माणूस खोटं बोलतो, त्याला माझ्यासमोर आणा, मला त्याला विचारू द्या. आदेश आला, उत्तर समाधानकारक नाही. का नाही, ते कुठंच नव्हतं. वर कर, दंड आणि बँक खात्यावर टाच.

अण्णांचा सगळा धंदा शब्दावर. बाहेरगावचे व्यापारी पैसे त्यांच्या खात्यात टाकत आणि त्यातून शेतकऱ्याला मिळत. सौदा तोंडानं होत नसे. अण्णा हातावर उपरणं टाकत, समोरचा त्याखाली हात घाली आणि बोटं दाबून आकडा ठरे. खातं गोठल्याची बातमी बाजारात पसरली.

"आता माझ्या उपरन्याखाली कुनी हात घालीना साहेब," अण्णा म्हणाले.

मला भयंकर संताप आला. आम्ही म्हशीचीसुद्धा ओळख पंचांसमोर पटवली होती. आणि इथं माणसाला एक प्रश्न विचारायची संधी न देता बाजारातून उठवलं होतं.

अण्णांचा कर सल्लागार म्हणत होता, भरून टाका, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. ही म्हण मी नोकरीभर ऐकली. दुसऱ्यानं पायरी चढलेली ज्याला परवडत नव्हती, अशाच कुणीतरी ती रचली असावी. अण्णा त्याला म्हणाले, "चुकलो आसंन तर घर इकून भरीन. पन चोराच्या तोंडावरून न्हाई भरायचो."

नगरच्या एका वकील बाईंनी त्यांचं प्रकरण घेतलं. त्यांनी अण्णांना माझ्यासमोरच समजावलं. मिटलेलं वर्ष पुन्हा उघडायला अधिकाऱ्याकडं स्वतः तपासलेला आधार लागतो, लहर चालत नाही. तुमचं उत्तर वाचून ते का पटलं नाही हे त्यानं लिहायला हवं. आणि ज्याच्या शब्दावर कर लावायचा, त्याची उलटतपासणी तुम्हाला करू द्यायला हवी. "हे उपकार नाहीत अण्णा, हा तुमचा हक्क आहे."

त्यांनी दोषारोपपत्राची प्रत रीतसर मागितली. एका हितचिंतकानं मला सुचवलं, दोन खात्यांच्या भांडणात कशाला पडता, निवृत्ती जवळ आली आहे. म्हटलं, म्हणून तर घाई आहे. नियमानं देता येत होतं ते सगळं दिलं.

उच्च न्यायालयाच्या संभाजीनगर खंडपीठानं आदेश रद्द केला आणि खात्यावरची टाच उठवली. अण्णा खरे की खोटे, हे न्यायालयानं ठरवलं नाही. आधी नीट विचारा, मग ठरवा, असं बजावून प्रकरण परत पाठवलं.

आयकर कार्यालयातल्या फेरसुनावणीला तपास अधिकारी म्हणून मलाही बोलावलं होतं. जामिनावर सुटलेला टेम्पोवाला आला होता. वकील बाई प्रश्न विचारायला उठल्या, तर अण्णा म्हणाले, "बाई, मी इचारतो." त्यांनी माझ्या हातावर उपरणं टाकलं आणि खालून माझी बोटं दाबली. मग टेम्पोवाल्याला म्हणाले, "ये. बाजारात हुतास तसा शेजारी उभा ऱ्हा. सांग, किती ठरलं?"

त्यानं वाकून उपरण्याकडं बघितलं. "दिसत न्हाई."

"मंग तवा कसं दिसलं?"

त्यानं मान खाली घातली. "दिसलं न्हाई. ती देवळालीची म्हैस मी आधी तुमच्याकडंच आनली हुती. मालकीचा दाखला नसलेलं जनावर म्हनून तुमी चारचौघांत हाकललंत. त्या रागानं नाव घेतलं."

फेरआकारणी मागं घेतल्याचा आदेश आला. या खेपेला कारणांसह.

मी आयुष्यभर जबाब घेतले. जबाब म्हणजे चौकशीची सुरुवात, शेवट नव्हे. अंगावर खाकी असो की हातात शिक्का, अधिकार मिळाला की माणसाला विचारण्याचा कंटाळा येतो. म्हणून "विचारलंत का?" असं विचारणारं कुणीतरी वर बसलेलं लागतं. त्याचा राग धरू नये.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी साध्या कपड्यात घोडेगावला गेलो. अण्णा उपरणं घेऊन उभे होते. लोक रामराम करत होते, जवळ येत नव्हते. तेवढ्यात त्या देवळालीच्या बाई एक म्हैस घेऊन आल्या. तिथं बायका सहसा सौद्याला पुढं होत नाहीत. कुणीतरी म्हणालंही, "मावशी, बाप्या मानसाला पाठवायचं की."

"चोरानंच कबूल केलंय, ह्यांनी माझी चोरलेली म्हैस न घेता त्याला हाकललं," बाई म्हणाल्या. "दुसरीकडं कशाला जाऊ?"

आणि त्यांनी उपरण्याखाली हात घातला. सगळा बाजार बघत होता. किती ठरलं, ते आम्हा कुणालाच कळलं नाही.