पदवीआधीची कमान

आमच्या मनिलातल्या त्या जुन्या विद्यापीठाची कमान फिलोमेना रोज झाडायची, पण तिच्याखालून कधी बाहेर पडायची नाही. पदवी हातात यायच्या आधी जो त्या कमानीतून बाहेर गेला, त्याला पदवी मिळतच नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. फिलोमेना सफाईवाली, तिला कसली पदवी? पण लेक निंग तिथंच वास्तुकला शिकत होती. आपल्या पायानं पोरीचं नशीब बाहेर जायला नको, म्हणून ही बाई लांबचा वळसा घालून मागच्या फाटकानं घरी जायची.

मुख्य इमारत एका पाद्री स्थपतीनं बांधलेली. भूकंपात हलली तरी पडू नये म्हणून सुट्या सुट्या भागांत. निंगचा प्रबंध तिच्यावरच होता. पोर चालायला लागली तीसुद्धा तिथल्याच गार फरशीवर, आई लादी पुसत असताना.

"त्या पाद्रीबाबाचं भलं होवो," फिलोमेना म्हणायची. "माझं घर गळतं, पण माझी पोर पक्क्या छपराखाली वाढली."

निंगच्या तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी वादळ आलं. मागच्या फाटकाशी कमरेएवढं पाणी. नेमके तेव्हाच तिचे परीक्षक, प्राध्यापक बुएनकामिनो, जिन्यात छाती धरून कोसळले. रुग्णवाहिका आली ती अरुंद कमानीत शिरेना, बाहेरच थांबली. सरांना बाकावर आडवं केलं. एक टोक पहारेकरी तेम्योनं उचललं, दुसरं निंगनं.

"ठेव ते! मी धरते!" आई ओरडत धावली.

"तुझी कंबर धड आहे का? हो बाजूला!" आणि पोर कमानीतून गेलीसुद्धा.

फिलोमेना कमानीच्या आतच थांबली. इतक्या वर्षांचे वळसे पाण्यात गेले.

"त्या तेम्योला थोडीच पदवी घ्यायचीय!" घरी आईच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "त्याला न्यायला काय झालं होतं?"

"एकटा कसा नेणार? बाक डोक्यावर घेऊन?"

"उलट बोलू नकोस. जेव." असं म्हणत तिनं माशाचा मोठा तुकडा लेकीच्याच भातावर वाढला.

परीक्षा लांबली. त्या विषयाचा दुसरा परीक्षक मिळेना, आणि पदवीदान तर तोंडावर आलेलं. कमान भोवली, असं फिलोमेनाच्या मनानं घेतलंच. मग इस्पितळातून निरोप आला: सर खाटेवरूनच परीक्षा घेणार.

ती दाराबाहेर जपमाळ ओढत बसली. आतून सरांचा आवाज चढला, "आराखड्यात हा खांब कुणाच्या भरवशावर उभा केलायस? देवाच्या?" तिनं माळ पहिल्या मण्यापासून पुन्हा धरली.

बऱ्याच वेळानं दार उघडलं आणि निंग रडतच आईच्या गळ्यात पडली. "ढीगभर चुका काढल्या गं. पण पास केलं!"

फिलोमेना आत गेली. हात जोडून खाटेशी उभी राहिली.

"अलिंग मेना," थोरल्या बाईला मानानं हाक मारावी तसं सर हळू आवाजात म्हणाले, "तुमची पोर त्या दिवशी कमानीशी थांबली असती, तर तिला पास करायला मी उरलो नसतो."

वडीलधाऱ्यांचा हात कपाळाला लावून आशीर्वाद घ्यायची आमची रीत, पण सफाईवालीचा हात आजवर कुठल्या सरांनी त्यासाठी मागितला नव्हता. बुएनकामिनो वयानं तिच्याहून लहान. त्यांनी तिचा फिनेलनं खरखरीत झालेला हात ओढून घेतला आणि आपल्या कपाळाला लावला.