बारव शाळेत आली

शिरूरला अकबर शेखांचा फोटो स्टुडिओ होता. त्यांची मुलगी सुफिया लग्नाचे फोटो काढायला निमोण्यात गेली, ते २००३ साल. दुपारी जरा विसावा म्हणून ती गावाबाहेरच्या जुन्या बारवेत उतरली. पायऱ्या संपल्या तिथं हिरवट, गार उजेड होता. पाण्यावरचं ऊन दगडांवर थरथरत होतं. वरची वाजंत्री पार विरून गेली आणि आपण फार लांब कुठंतरी आलोय, असं तिला वाटत राहिलं.

पुढच्या आठवड्यात ती परत गेली. तळाशी एकाच जागी उभी राहून, थोडं थोडं वळत तिनं चहूबाजूंचे फोटो काढले आणि स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर कडेला कड जुळवली. माउस सरकवला की आख्खी बारव भोवती फिरायची.

हे गावाला दाखवावं, असं तिच्या मनानं घेतलं. अब्बा म्हणाले, "आधी परवानगी काढ, बेटा."

ती पुण्याला पुरातत्त्व खात्याच्या कचेरीत गेली.

"फोटो की फिल्म?" साहेबांनी विचारलं.

"दोन्हीच्या मधलं आहे, सर."

"मधल्याला नियमच नाही. 'हो' म्हणता येत नाही आणि 'नाही' तरी कशाच्या आधारावर म्हणू? वर विचारतो."

पावसाळा गेला, थंडी गेली. शेवटी ती निमोण्याच्या ग्रामसभेत उभी राहिली.

"चित्राचा मालक कोन?" सरपंच मारुतराव म्हणाले. "उद्या कुनी हाटेलात लावलं म्हंजी?"

याचा विचार सुफियानं केलाच नव्हता. ती म्हणाली, "मालक गावच. तुम्ही म्हणाल तिथंच लागेल, मामा."

तसा ठराव झाला.

शिरूरच्या कॉम्प्युटर क्लासातून प्रोजेक्टर आणला. शाळेच्या खिडक्यांवर घोंगड्या टांगल्या. गाव जमलं आणि भिंतीवर बारव सावकाश फिरू लागली. गुडघे गेल्यापासून गावातल्या म्हाताऱ्या शेवंताबाईंचं बारवेत उतरणं बंद झालं होतं. त्या भिंतीजवळ गेल्या आणि त्यांनी लुगडं घोट्याच्या वर धरलं.

"काय झालं, आजी?" सुफियानं विचारलं.

"पानी हाय न्हवं, पोरी. भिजंल की."

कुणीही हसलं नाही. म्हातारीच्या अंगावर तो हिरवा उजेड पडला होता. सुफियानं माउसवरचा हात थांबवला.

पुण्याहून उत्तर आलंच नाही. पुढं सुफियाला दौंडला दिली. बारव दाखवायला निमोण्याच्या शाळेतून अधूनमधून बोलावणं येई, तेव्हा ती हातातलं काम टाकून जायची.