सुरुपसिंगला द्यायचा दिवस

फुकट शिकवणारा माणूस मला पचत नाही. आमच्या कळसाडीत कुणी साधा सल्ला जरी दिला, तरी त्याच्या मनात काय आहे ते मी आधी बघते. आणि हा बाबा रोज संध्याकाळी गावातल्या पोरांना हॉकी शिकवत होता, तीही पायाला चाकं बांधून, आणि फीचं नाव काढत नव्हता. म्हणून मी पहिल्या दिवसापासून जिनिंगच्या शेडमध्ये एक पाटी उलटी टाकून तिच्यावर बसायचे आणि त्याच्यावर नजर ठेवायचे. माझी काजल त्याच्या टीमची गोलकीपर होती.

त्याचं नाव सुरुपसिंग पावरा, तोरणमाळच्या घाटाखालच्या पाड्यावरचा. गावाबाहेर कापसाची जिनिंग आहे, तिचा तो वॉचमन. कापूस संपला की शेड रिकामी पडते आणि तिचा कोबा चांगला गुळगुळीत आहे. हॉकी म्हणे तो लडाखात शिकला. रस्त्याच्या कामावर मजूर म्हणून गेला होता, घाट बंद झाला आणि हिवाळाभर तिथंच अडकला. तिथल्या गोठलेल्या तळ्यावर पोरं हॉकी खेळत, त्यांनी ह्याला गोलात उभा केला. आपल्याकडे बर्फ असतो तो गोळेवाल्याकडे, म्हणून ह्याने चाकं आणली. आता हे सगळं त्याचं सांगणं. लडाखात जाऊन खात्री कोण करणार?

माझ्याशी तो शाळेतलं मराठी बोलायचा आणि फोनवर पावरी, त्यातलं मला एक अक्षर कळायचं नाही. एकदा त्याने सगळ्या पोरांच्या पायांची मापं दोऱ्याने घेतली. मी दोरा हिसकावला.

"हाई कसाले?"

"बुटांसाठी, ताई."

पुढं कुठून तरी जुने स्केट आले आणि एकूणएक पोराच्या पायात बरोबर बसले. तरी काजलच्या मापाचा दोरा मी घरी नेऊन चुलीत घातलाच.

मग उन्हाळ्याच्या शेवटी एकदा म्हणाला, "ताई, फी नको. एक दिवस द्या. पावसाआधी घरावर कौलं चढवायची आहेत. आमच्यात लाहा असतो." त्याने समजावूनही सांगितलं. पाड्यावर कुणाचं मोठं काम निघालं की घराघरातून एक माणूस जातो. मजुरी नाही, जेवण मिळतं. आणि ज्याने दिवस दिला, त्याचं काम निघालं की आपण तसाच दिवस द्यायचा.

रात्री जेवताना मी ह्यांना म्हटलं, "देखा, निंघनं ना पोटमानं." माझा संशय खरा ठरला म्हणून मला भाकरीसुद्धा गोड लागली. पण भर उन्हात घाटाखाली जाऊन कौलं कोण उचलणार? मीच टीममधल्या बाकीच्या पोरांच्या घरी सुचवलं की आपापला मजूर पाठवा. आमच्याकडून रुपा गेली, बाकीच्यांकडून रायसिंग, चुडामण असे त्यांचे त्यांचे. मजुरी आम्ही दिली, कौलं चढली, मी विषय मिटवून टाकला.

श्रावणात पावसाने उघाड दिली आणि सुरुपसिंग शेडमध्ये यायचा बंद झाला.

आणि नेमकी त्याच आठवड्यात, रविवारी, पोरांच्या लीगची फायनल, अक्कलकुव्याच्या टीमशी. ह्या हॉकीत चेंडूऐवजी चकती असते, ती अंगावर आली की काजलला डोळे मिटायची खोड होती. तो तिच्यामागे उभा राहून काठी आपटायचा, मग तिचे डोळे उघडे राहायचे. आता तो नाही तर पोरगी जेवेना. "सर नसतील तर मी गोलात उभी राहणार नाही, मम्मी," म्हणाली. वर्षभर गुडघे फोडून घेतलेली पोर ती. मला वाईट वाटलं आणि रागही आला. माझी खात्रीच झाली की अक्कलकुवावाल्यांनी ह्याला फोडला. स्कूटी काढली आणि त्याला धरायला निघाले.

तो मला रुपाच्या शेतात सापडला. डोंगराच्या पायथ्याशी रुपाचा मक्याचा तुकडा आहे, त्यात वाकून निंदत होता. बाजूच्या ओळीला रुपा. गोफण सुटल्यासारखी मी सुरू झाले.

"तू आठे काय करी ऱ्हायना? तठे पोऱ्हे वाट देखी ऱ्हायनात."

"दिवस फेडतो, ताई. आज रुपाचा. उद्या रायसिंगचा, परवा चुडामणचा. उघाड पडली, सगळ्यांची निंदणी एकदमच निघाली."

"त्यास्नी मजुरी आम्ही दिन्ही व्हती."

"मजुरी तुम्ही त्यांना दिली," तो विळा न थांबवता म्हणाला. "दिवस त्यांनी मला दिला. कौलं त्यांनी चढवली. तुमच्यापैकी कोण आलं होतं?"

मी रुपाकडे बघितलं. ती खाली मान घालून गवत उपटत राहिली. आमच्या शेतात ती वर्षानुवर्षं राबते, पण तिचं शेत मी त्या दिवशी पहिल्यांदा बघत होते. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की माझा आवाज आणखी चढतो.

"मग मन्हा दिवस आजून बाकीच शे," मी म्हटलं. "तो आते ले. विळा दे इकडे, आणि तू शेडले जाय."

तो उभा राहिला. विळा हातातच. माझ्या तोंडाकडे बघितलं, पदराकडे बघितलं, रस्त्यावरच्या स्कूटीकडे बघितलं.

"तुम्ही निंदणार?"

"हां."

"मी गेल्यावर दुसरं कुणी पाठवणार नाही ना?"

मी पदर खोचला आणि विळा त्याच्या हातातून घेतला. ओळीला बसण्याआधी बाकीच्या घरांना फोन लावले. रायसिंगकडे उद्या तुम्ही, चुडामणकडे परवा तुम्ही, आणि स्वतः जायचं, माणूस पाठवायचा नाही. ज्यांनी कुरकूर केली, त्यांतल्या कुणाला काजलचं नाव सांगितलं, कुणाला त्यांच्याच पोराचं.

मग वाकले. मान वर केली तर सुरुपसिंग अजून तिथंच. बांधावर रुपाची पाटी पडली होती, ती त्याने उलटी टाकली आणि तिच्यावर बसला, गुडघ्यांवर हात ठेवून, नजर माझ्यावर. मी त्याच्यावर ठेवायचे अगदी तशी.

बाईसाहेब गवत उपटतात की नुसतं वरवर ओरबाडतात, ते तो बघत होता. मी मुळासकट उपटत गेले. ओळ संपली तेव्हा कंबर धरली होती आणि हातांना फोड आले होते.

तो उठला, चालत आला, माझ्या मागची ओळ शेवटपर्यंत बघितली. मधे एका जागी वाकून राहिलेली एक काडी उपटली आणि माझ्या हातात दिली.

"दुसरी ओळ," म्हणाला, आणि शेडकडे निघाला.