कोणाला वगळू?

जुरोंग आयलंड या कारखान्यांच्या बेटावर जाणाऱ्या कंपनी बसमध्ये माझ्या शेजारी कॅनडाहून आलेला मोहॉक या तिथल्या मूळनिवासी जमातीतला एक गृहस्थ बसायचा. उंच लोखंडी सांगाड्यांवर चढून जोड तपासणं हे त्याचं काम. बस सुटली की हेल्मेट मांडीवर घ्यायचा आणि पुटपुटत आभार मानायला लागायचा. आधी माणसांचे, मग धरणीचे, पाण्याचे, माशांचे, झाडांचे, वाऱ्यांचे, सूर्य-चंद्राचे, शेवटी ताऱ्यांचे. त्यांच्या लोकांची रीतच ती. गेट यायचं तेव्हा स्वारी जेमतेम वाऱ्यांपर्यंत पोचलेली असायची, आणि यादी संपेपर्यंत तो उठायचा नाही, म्हणून मी खिडकीशी अडकलेला!

एकदा वैतागून म्हणालो, "अहो, थोडक्यात आटपा ना!"

"आटपतो की. कोणाला वगळू, सांगा."

मी बोटांवर यादी मोजायला लागलो. तेवढ्यात ड्रायव्हर अंकलनी आरशातून विचारलं, "मी आहे का त्यात?"

"तुम्ही तर माणसांत. सगळ्यात आधी."

झालं! त्या दिवसापासून तारे होईपर्यंत अंकल दारच उघडेनात. अख्खी बस रोज लेट.

काम संपवून तो मायदेशी परतला. दुसऱ्या सकाळी गेट येताच मी खुशीत दाराशी गेलो. दार उघडेना. अंकल आरशातून माझ्याकडेच बघत होते.

"आज तू, लाह," ते इथल्या हेलात म्हणाले.

मी मुकाट्याने जागेवर बसलो आणि ड्रायव्हरपासून सुरुवात केली.