जूनमधले पिवळे हात

दत्ताचा फोन आला तेव्हा मी हिंगोलीत न्हाव्याच्या खुर्चीत होतो, अर्ध्या गालाला फेस लागलेला. "गज्या, वसमतच्या ठाण्यात ये. सुमी..." एवढंच तो बोलला. दत्ता म्हणजे माझ्या मामाचा थोरला पोरगा आणि सुमन त्याची पाठची बहीण. सुमी आणि पोलीस ठाणं एका वाक्यात आले की माझ्या तोंडून एकच प्रश्न निघायचा, तसाच तो निघाला. "आता कुणाचं डोकं फोडलं तिनं?" न्हावीही खुदकन हसला. मग दत्ता म्हणाला, "उसाची ट्रॉली, गज्या. रस्त्यातच उभी होती. मागं दिवा नव्हता..." न्हाव्यानं वस्तरा बाजूला ठेवला. मी तसाच अर्ध्या दाढीनं एस.टी.त बसलो.

मारामारीत ती गेली असती तर मला समजलं असतं. तशी तयारी मी लहानपणापासून करून ठेवली होती. ज्या ट्रॉलीवाल्यांना ती भर रस्त्यात स्कूटी आडवी लावून खाली उतरवायची, गचांडी धरून "मागं लाल चिंधी तरी बांध रे मुडद्या" म्हणून हलवायची, त्यांच्यातल्याच एकाच्या उभ्या ट्रॉलीनं तिला घेतलं. ट्रॉली उभी होती हेच मला अजून पचत नाही. चालती असती तर सुमीनं तिला उलटी पाडली असती, हे मी शपथेवर सांगतो आणि माझी शपथ जिल्ह्यात कोणी मानत नाही हेही सांगतो.

ती वसमतच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. तिथल्या शोकसभेत एका वक्त्यानं तिला 'मृदुभाषी' म्हटलं. त्याबरोबर निम्मी सभा खाली मान घालून आपापला गाल चोळायला लागली. मीही चोळला. माझा समोरचा अर्धा दात तिच्याकडंच राहिलेला आहे. त्याचं असं झालं, की आमच्याकडं मामाच्या पोरीवर आतेभावाचा पहिला हक्क धरतात. पोरगी बारावी झाली तसा मामानं आमच्या घरी निरोप धाडला, "गजाननाचं काय ते बघा." मला कुणी विचारलंच नव्हतं. पण सुमीनं मला कडब्याच्या गंजीमागं बोलावलं आणि म्हणाली, "गज्या, तू व्हय म्हणालास?" मी म्हणालो, "न्हाई गं, मी तर अजून..." एवढ्यात डोळ्यांपुढं सूर्य, चंद्र आणि सिद्धेश्वरच्या धरणाचे सगळे दरवाजे एकदम उघडले. उठून बघतो तर तोंडात रक्त. "न्हाई म्हणून राहिलो ना मी!" मी बोंबललो. तिनं माझी बंडी झटकली, चूळ भरायला पाणी दिलं आणि म्हणाली, "मग बराबर. असंच म्हणत जा."

लग्न टळलं ते असं. बदल्यात मामानं अट घातली, की शिकायचं तर वसमतला. सकाळच्या बसनं जायचं, दिवे लागायच्या आत परत. वसमतचं कॉलेज तेव्हा कसं होतं म्हणाल तर विज्ञान शाखा एका पत्र्याच्या खोलीत, मापाची काचनळी म्हणजे ब्युरेट एकच. ती हाताळायला मुलं आषाढात रांगेत उभी राहिली की श्रावणात नंबर लागायचा. सुमीचा मात्र पहिल्याच दिवशी लागला, कारण पुढं उभं राहिलेल्या पोरानं कोपर मारलं आणि तिनं त्याला स्टुलासकट दाराबाहेर ठेवलं. बसमधे तर रोजचाच दंगा. एकदा मागच्या सीटवरच्या टोळक्यातल्या एकानं तिची ओढणी खेचली. तिनं ओढणी सोडली नाही, तीच त्याच्या गळ्याभोवती फिरवून त्याला खिडकीशी आणला आणि कंडक्टरला म्हणाली, "मामा, याला कुठं उतरवायचं?" कंडक्टर शहाणा माणूस. त्यानं घंटी मारली. भर माळरानात बस थांबली आणि ते टोळकं औंढ्यापर्यंत चालत गेलं. काही लोक म्हणतात अजून चालूनच राहिलंय.

हसू नका. ती रोज घाबरलेली असायची, हे मला माहीत होतं. बसमधून उतरली की घरी जाण्याआधी कालव्यावर बसून हात थंड पाण्यात धरायची, थरथर थांबेपर्यंत. "काहून मारतीस मग?" मी विचारलं. म्हणाली, "गज्या, एक दिवस गप बसले की माझी बस बंद. घरी येऊन रडले तरी बंद. माराचीच बातमी आली पाहिजे, रडण्याची न्हाई." तिला वसमतहून पुढं विद्यापीठात जायचं होतं, नांदेडला, एम.एस्सी.ला. वसमत तिला पायरीसारखं होतं, आणि त्या पायरीवर ती तीन वर्षं ठोसे मारत उभी राहिली. पास झाली, पहिल्या वर्गात. विद्यापीठाच्या यादीत नाव लागलं. मामा म्हणाला, "झालं तेवढं बस." दत्ता म्हणाला, "नांदेडला पाऊल टाकलंस तर तंगडी मोडीन." तिनं दोघांचंही ऐकून घेतलं, आणि वसतिगृहाच्या खर्चाला काही गाठीशी असावं म्हणून "कॉलेजात काम हाय" असं घरी सांगून वसमतच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, हळद निवडायला जायला लागली. हळकुंडं एकीकडं, गड्डे एकीकडं, दिवसभर त्या धुळीत.

आता इथं आमच्या लोकांचं एक समजून घ्या. फाल्गुन-चैत्रात आमच्याकडं अख्खं गाव पिवळं असतं. हळद शिजते, वाळते, ड्रममधे घासली जाते. म्हातारी पिवळी, बैल पिवळा, तलाठी आला तर जाताना तोही पिवळा. कोणी कोणाला काही विचारत नाही. पण जूनमधे शेतात हळदीची लागण चालू असते, शिजवण कधीच संपलेली असते. तेव्हा तरण्या पोरीचे हात कोपरापर्यंत पिवळे दिसले तर त्याचा गावात एकच अर्थ, लग्नाची हळद. प्रवेशाच्या दिवशी सुमी पहाटे मोंढ्यात गेली, अर्धी पाळी केली आणि तशीच नांदेडच्या बसला पळाली. अंगात तिचा एकुलता चांगला ड्रेस, हिरवा. भावकीतल्या एका काकानं तिला वसमतच्या स्टँडवर पाहिलं. हिरवा पोशाख, पिवळे हात, हातात पिशवी. त्यानं दत्ताला फोन लावला, "तुमची पोरगी हळद लावून नांदेडच्या बसनं पळाली."

दत्तानं मला शेतातून उचलला. "तुझी बायको पळाली आन् तू इथं सरी धरून राहिला व्हय?" ती माझी बायको नव्हती हे सांगायला तोंड उघडलं, पण दातावरून वारा गेला आणि मी गप्प बसलो. चुलतभावांना घेऊन मोटारसायकली निघाल्या. दत्ताच्या मांडीवर जुवाची शिवळ, हातभर लांब खुंटी, बाभळीची, बैलाच्या मानेशी घालायची. आम्ही इतक्या जोरात गेलो की पूर्णेच्या पुलावरून गेलो की नदीतून, हे मला आठवत नाही.

विद्यापीठाच्या इमारतीत खिडकीसमोर रांग होती. सुमी रांगेत, हातात कागदांची पिशवी. दत्तानं मागून येऊन तिची वेणी धरली आणि मनगटाला गुंडाळली. ती फिरली. पुढच्या काही क्षणांत जे झालं ते मी आजवर गावोगाव नाना प्रकारांनी सांगितलंय. आमचा एक चुलतभाऊ कर्दळीच्या वाफ्यात गेला, दुसरा सूचनाफलकाला चिकटला, मी एका खांबाला मिठी मारून खांबाचा जीव वाचवला. दत्ताच्या पांढऱ्या शर्टावर तिच्या पंजांचे पिवळे ठसे उठले. "कुठंय तो?" दत्ता ओरडला. "कोण तो?" "ज्याच्या नावाची हळद लावलीस तो!" सुमीनं आपल्या हातांकडं पाहिलं... आणि हसली. मोठ्यांदा, खरोखरचं हसली. सगळ्या रांगेसमोर. ते हसू दत्ताला सहन झालं नाही. त्यानं शिवळ उगारली, तिनं तोंडावर डावा हात धरला.

या आवाजाची गोष्ट मी कधी केली नाही. वाळलेली पऱ्हाटी मोडते तसा तो झाला. तिचा हात कोपराखाली भलत्याच जागी वाकला होता. दत्ता शिवळ धरून उभा होता आणि स्वतःच्या शर्टाकडं बघत होता. लग्नाची हळद तेलातली, ओली असते, डाग चिकटतो. शर्टावरची हळद कोरडी होती, त्यानं हात लावला तशी भुरभुर खाली पडली. हळदकऱ्याच्या पोराला त्याहून जास्त सांगावं लागत नाही. "मोंढा?" तो इतक्या हळू म्हणाला की मलाच ऐकू आलं. सुमीचा चेहरा राखेसारखा झाला होता. ती म्हणाली, "दादा, सरक. माझा नंबर येऊन राहिलाय." आणि ती रांगेत आपल्या जागी जाऊन उभी राहिली. पुढच्या मुलांनी वाट करून दिली, तरी ती पुढं गेली नाही. खिडकीतले कारकून म्हणाले, "बाई, आधी दवाखान्यात जा हो." ती म्हणाली, "आधी सही कुठं करायची ते दाखवा." तिचे कागद मी धरले. पहिल्यांदाच कुणीतरी मला न मारता काम सांगितलं.

वसतिगृहात खोली मिळेपर्यंत ती कुठं हलली नाही. हाड बसवायला उशीर झाला. हात जुळला, पण डावा तळवा वर वळायचा कायमचा बंद झाला. दत्ताला पोलिसांत द्यायचं का, असं तिला विचारलं गेलं. "तो माझा मी बघते," म्हणाली. तिनं त्याला कसं बघितलं मला ठाऊक नाही. दत्तानं त्यानंतर बैलावरही हात उगारला नाही, आणि दर महिन्याला तो तिला ज्वारीचं पीठ पोचवायचा. त्या दिवसाबद्दल दोघं एकमेकांशी कधी बोलले नाहीत. तिनं एम.एस्सी. केली, लग्न केलं नाही आणि वसमतच्याच त्या कॉलेजात शिकवायला आली. "इथं काहून परत?" मी विचारलं तर म्हणाली, "इथून जायची वाट मला एकटीलाच माहीत हाय. कुणीतरी दाखवाय नको?" दर जूनमधे ती चार-दोन पोरींना घेऊन स्वतः नांदेडच्या बसमधे बसायची आणि रांग संपेपर्यंत त्यांच्या मागं उभी राहायची, दाराकडं तोंड करून.

तेराव्यानंतर आम्ही तिची वसमतची खोली आवरायला गेलो. वहिनी, म्हणजे दत्ताची बायको, चहा करायला उठली. फळीवर बरण्या ओळीनं मांडलेल्या. तिनं साखरेची बरणी वरून झाकणानं उचलली. झाकण हातात आलं, बरणी फळीवरच राहिली. "अगं माय! झाकण लावलेलंच न्हाई." दुसरी बघितली, तिसरी बघितली. डाळ, तिखट, शेंगदाणे, सगळ्यांवर झाकणं नुसती ठेवलेली. "प्राध्यापक झाली, पण साधं झाकण फिरवायची शिस्त न्हाई," वहिनी डोळे पुसत म्हणाली. दत्ता खाली बसला, बरण्या पुढं ओढल्या आणि एकेक झाकण घट्ट फिरवायला लागला. चार-पाच झाली असतील. मग तो थांबला. त्यानं डावा तळवा पालथा केला, तो तसाच पालथा ठेवून तिखटाची बरणी धरायला बघितली आणि उजव्या हातानं झाकण फिरवून बघितलं. बरणी त्याच्या हातातून निसटून गुडघ्यावर पडली. पुन्हा धरली, पुन्हा निसटली.

मी दुसरीकडं बघितलं. परत वळलो तर दत्ता मघाशी घट्ट केलेली झाकणं एकेक करून सैल करत होता आणि नुसती वर टेकवून बरण्या होत्या तशा फळीवर लावत होता.

"मुंग्या होतील की," वहिनी म्हणाली.

"होऊ दे," दत्ता म्हणाला.