थोरलीचं ताट

भिमाजी सोळंके माझ्या समोरच्या दारात राहतात. निगडीतल्या आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोनच दारं आहेत, एक त्यांचं आणि एक माझं. मला लिहायची सवय नाही. भोसरीच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये माझी सगळी नोकरी झाली. तिथे नट-बोल्टांच्या मापांपलीकडे हातून काही लिहिलं गेलं नाही. पण भिमाजींबद्दल दुसरं कुणी लिहिणार नाही, आणि त्यांच्या घरातली एक गोष्ट बरेच दिवस फक्त मलाच ठाऊक होती, म्हणून हे लिहितो. जमलं नाही तर फाडून टाकीन.

भिमाजी मूळचे अंबाजोगाईकडचे. चाकणला गिअर बनवणाऱ्या एका कंपनीत सत्तावीस वर्षं फायनल इन्स्पेक्शनला होते. तयार गिअर हातात घ्यायचा, फिरवायचा, मापं बघायची, दात बोटानं चाचपायचे आणि चिठ्ठी लावायची. हिरवी म्हणजे पास, पिवळी म्हणजे थांबवा, लाल म्हणजे रिजेक्ट. प्रत्येक चिठ्ठीवर दोन सह्या लागत. साहेब कितीही ओरडला तरी एका सहीवर माल हलत नसे. ते निवृत्त झाले तेव्हा खात्यातल्या लोकांनी शालीबरोबर चिठ्ठ्यांची तीन कोरी पॅडंही गमतीनं दिली. ती कपाटात पडून होती. मग ‘नववी पायरी’ सुरू झाली.

ही भुताची मालिका होती. डोंगरातलं एक मोठं घर. जिन्याला एरवी पायऱ्या आठ, पण काही वेळा चढणाऱ्याला नऊ लागायच्या. घरात माणसंही आठ. त्यातलं एक फार पूर्वीच मेलेलं, पण ते कोण हे घरातल्यांनाही माहीत नाही. नवा भाग रात्री साडेदहाला लागायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एकला पुन्हा दाखवायचे. पहिल्या पाळीच्या सवयीनं भिमाजी नऊलाच झोपत, त्यामुळे ते दुपारचा बघत.

पहिल्याच भागानंतर त्यांनी मला जिन्यात गाठलं. “श्यामराव, पहिला नग बघितलाव का?”

“कसला नग?”

“मालिकेचा हो! मशीन लावली की पहिला नग निघतो का न्हाई? त्यात जे आसतं तेच पुढं हजार नगांत उतरतं. ह्या लिहिणाऱ्यानं सगळं पहिल्याच भागात ठिवलंय बगा. फकस्त बघणाऱ्याला डोळे पायजेत.”

मला ते हसण्यावारी नेण्यासारखं वाटलं होतं, पण त्यांची नजर खरोखरच पक्की होती. दिवाणखान्यातलं घड्याळ चार वीसला बंद पडलेलं आहे, हे त्यांनी दुसऱ्या भागात टिपलं. नव्वद भागांनंतर कळलं की घरातली मुलगी विहिरीत पडली ती त्याच वेळी. झाकलेला आरसा, पाकिटावरचं जुनं तिकीट, गड्याच्या कंदिलाची न हलणारी ज्योत, हे सगळं त्यांच्या डायरीत होतं. प्रत्येक पानावर एक खूण आणि तिला एक चिठ्ठी चिकटवलेली. खूण खरी निघाली की हिरवी, शंका असेल तर पिवळी, चित्रीकरणातली नुसती चूक असेल तर लाल. एक सही त्यांची, दुसरी सावित्रीबाईंची.

सावित्रीबाई म्हणजे त्यांच्या पत्नी. शाळा चौथीपर्यंत. सही करायला बसल्या की पदर खोचून, ओठ घट्ट मिटून, एकेक अक्षर कोरल्यासारखं काढायच्या. पण पटल्याशिवाय सही करायच्या नाहीत.

एकदा त्या दोघांची जुंपली ती मी ऐकली. श्रावणातली दुपार होती, भिमाजींनी मला मालिका बघायला बोलावलं होतं. मालिकेत पंगत बसली होती आणि थोरली सून वाढत होती. सावित्रीबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, “ही थोरलीच मेलेली हाय.”

“कशावरून?”

“तिला ताट न्हाई. अकराव्या भागापून बघायले मी. सगळ्यांना वाढती, पर तिचं ताट कुठंच न्हाई.”

भिमाजी मोठ्यानं हसले. “आगं, बायका मागून जेवतात. तू तरी कवा बसलीस आमच्या संगं?”

“मागून जेवणारीचं ताट कोपऱ्यात पालथं घातलेलं आसतंय. हिचं फडताळात बी न्हाई.”

“शूटिंगवाल्यांनी ठिवलं नसंल. सेटची चूक हाय ती.” त्यांनी लाल चिठ्ठी फाडली, लिहिली, सही ठोकली आणि पेन पुढे केलं. “कर सही. चुलीपुढल्या अकलेनं मालिका कळत नसती.”

सावित्रीबाईंनी पेन घेतलं नाही. “न्हाई करत. शेवट येऊ द्या, मंग बघू कुणाची अक्कल कुठली हाय ते.”

“बगा श्यामराव, घरातच युनियन!” भिमाजी म्हणाले. आम्ही तिघंही हसलो. ती लाल चिठ्ठी एका सहीची राहिली.

आता माझी गोष्ट. मी एकटा राहतो. लग्नाचं जमलं नाही, पुढे जमवावंसं कुणाला वाटलं नाही. गेल्या वर्षीच्या आषाढापासून सावित्रीबाई रोज दुपारी एकच्या सुमाराला माझ्या दारात यायच्या. हातात झाकलेलं ताट. भाकरी, भाजी, आमटी, कधी भात. म्हणायच्या, “भाऊजी, आज जरा जास्त झालं. टाकायचं कशाला?” रिकामं भांडं परत देऊ नये असं माझी आई म्हणायची, म्हणून मी ताट घासून त्यात चिमूटभर साखर घालून ठेवायचो, आणि संध्याकाळी भिमाजी फिरायला गेले की त्या घेऊन जायच्या. ताट स्टीलचं, जाड काठाचं, लग्नात त्यांच्या वडिलांनी दिलेलं. काठावर नाव कोरलं होतं, ‘सौ. सावित्री भि. सोळंके’. रोज रोज जास्त कसं होतं, हे मी त्यांना एकदाही विचारलं नाही. विचारलं तर बंद होईल अशी भीती होती. खरं सांगायचं तर कुणीतरी आपल्यासाठी ताट झाकून आणतंय, याचं मला सुख वाटत होतं.

दिवाळीच्या तोंडावर त्या जिन्यात चक्कर येऊन बसल्या. दवाखान्यात नेल्यावर कळलं, पोटात गाठ, आणि ती फार पुढे गेलेली. सतराव्या दिवशी त्या गेल्या. शेवटचं ताट माझ्याकडेच राहिलं. त्या घरात दुःख असताना साखर घालून ताट कसं द्यायचं? रिकामंही देता येईना. मी ते कपाटात वरच्या फळीवर ठेवलं.

तेरावं झाल्यावर आठवड्याभरानं भिमाजींनी दार वाजवलं. “श्यामराव, एक वाजत आलाय. दुसऱ्या सहीला माणूस न्हाई.”

तेव्हापासून मी रोज जाऊ लागलो. ते खूण सांगत, मी मान हलवी, ते चिठ्ठी लिहीत, मी सही करी. एकदा वैतागून म्हणाले, “तुमी कशालाच न्हाई म्हणत न्हाई. आसली सही मला शिपायाची बी मिळंल.” मी त्यावरही मान हलवली. लाल चिठ्ठीचं पान मात्र ते माझ्यासमोर उघडत नसत. पण मालिकेत पंगत आली की पुढे सरकून बसत, ओठांनी मोजत, आणि पंगत उठली की मागे टेकत. मालिका लवकर बंद करणार अशी बातमी आली तेव्हा दोन दिवस जेवले नाहीत. “बंद करा, पर आदी मेलेलं कोण ते सांगा म्हणावं. तिला मी सांगायचंय.” पिंपळे गुरवला राहणारी त्यांची मुलगी दीपमाला फोनवर म्हणाली, “बाबा, मालिका आहे ती.” त्यांनी फोन ठेवून दिला.

वैशाखात एका बुधवारी शेवट आला. धाकटी सून एक ताट घेऊन थोरलीसमोर ठेवते आणि म्हणते, “आज तरी आमच्याबरोबर बसा.” थोरली ताटाकडे बघत राहते. मग एकामागून एक जुन्या पंगती दाखवल्या, पार पहिल्या भागापासून. फडताळात सात ताटं, घरात माणसं आठ. कॅमेरा प्रत्येक वेळी त्या फडताळावरून गेला होता.

भिमाजींनी आवाज बंद केला. “पहिल्या नगातच व्हतं,” ते म्हणाले. “मी माणसं मोजली, ताटं मोजली न्हाईत. तिचं बरोबर निघालं.”

मला वाटलं आता त्यांना बरं वाटेल. ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते, जिथे सावित्रीबाई उभ्या राहून मालिका बघायच्या.

“श्यामराव, तिला हे कामून दिसलं आसंल, मला न दिसता?” मग म्हणाले, “जाता जाता निस्ती काडी झाली व्हती. मी म्हणलं वयाचं हाय. तुमी कवा बघितलंव का हो तिला जेवताना?”

“मी कसं बघणार,” म्हणालो आणि चपला घालून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी एक वाजून गेला तरी त्यांनी बोलावलं नाही. भांडी आपटल्याचा आवाज येत होता. दार उघडंच होतं. आत गेलो तर सगळी मांडणी खाली. ताटं, वाट्या, पातेली जमिनीवर ओळीनं मांडलेली, जशी इन्स्पेक्शनच्या टेबलावर मांडत असतील. भिमाजी चष्मा लावून प्रत्येकाच्या काठावरचं नाव वाचत होते.

“तिचं ताट न्हाई,” मान वर न करता म्हणाले. “सहा व्हती, पाच हायेत. दीपाला विचारलं, तिनं नेलं न्हाई. दीपाच्या आईला तिच्या बापानं दिलेलं. तिच्या आजारात मी ते एकदा बी बघितलं न्हाई. मंग ती जेवत कशात व्हती?”

मी परत घरी आलो. कपाटासमोर किती वेळ उभा होतो सांगता येत नाही. मला भाकरी थापता येत नाही. कुकर लावला, वरण-भात केला, लोणच्याची फोड काढली. ताट धुऊन पुसलं, वाढलं, झाकलं आणि त्यांच्या दारात गेलो. दोन दारांत चार पावलं आहेत.

त्यांच्यासमोर ताट ठेवलं आणि झाकण काढलं. भात काठापर्यंत नव्हता, त्यामुळे नाव दिसत होतं. त्यांनी अंगठा त्या अक्षरांवरून फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून.

“त्या मला आणून द्यायच्या,” मी म्हणालो. “रोज. जास्त झालंय म्हणायच्या.”

“कवापासून?”

“आषाढापासून. शेवटपर्यंत.”

“किती वाजता?”

“एकच्या सुमाराला. तुमची मालिका लागली की.”

टीव्ही समोरच्या भिंतीला आहे आणि त्यांची खुर्ची दाराकडे पाठ करून. त्यांनी मान वळवून खुर्चीकडे बघितलं, मग दाराकडे.

“म्हंजे आपल्या वाटचं घिऊन माझ्या पाठीमागून जायची.”

“हो.”

“तुमी पक्के स्टोअरवाले. माल आला, ठिवून घेतला. कुठून आला, कामून आला, इचारायचं न्हाई.”

“नाही विचारलं.”

मला वाटलं आता बाहेर काढतील. त्यांनी ताट जवळ ओढलं. मग विचारलं, “कसं आसायचं?”

“काय?”

“जेवण. कसं करत व्हती?”

“चांगलं. फार चांगलं. शेवटी शेवटी आमटी खारट व्हायची.”

“व्हय,” ते म्हणाले. “मी वरडलो व्हतो तिच्यावर. तोंडाची चवच गेली आसंल तिच्या.” त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला, आणि वरण-भात कालवायला घेतला. अर्धा खाल्ला. मग ताट माझ्याकडे सरकवलं. “बाकीचं तुमी खा. वरणात मीठ न्हाई.”

खरंच नव्हतं. मी खाल्लं.

हात धुऊन त्यांनी डायरी आणली. कंपनीत चुकून रिजेक्ट केलेला नग पुन्हा पास करायचा असेल तर लाल चिठ्ठी फाडत नाहीत. तिच्यावर हिरवी लावतात, म्हणजे चूक झाली होती हेही राहतं. त्यांनी हिरवी चिठ्ठी लिहिली, ‘थोरलीचं ताट. पास.’ सही केली आणि सवयीनं पेन माझ्यापुढे धरलं.

आयुष्यात मी कुणाला नाही म्हणालो असेन तर ते त्या दिवशी. म्हणालो, “ही सही माझी नाही.”

त्यांनी पेन तसंच पुढे धरून ठेवलं. “मंग माल हलायचा न्हाई, श्यामराव.”

“नको हलू दे.”

त्यांनी पेनाला टोपण लावलं. ताट घासलं, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पालथं घातलं. बाकीची भांडी मांडणीवर लावायला मी मदत केली.

आता भाद्रपद लागला आहे. एकच्या सुमाराला मी माझं ताट वाढून समोर नेतो, भिमाजी त्यांचं घेऊन बसतात. त्या वेळेला आता दुसरी कुठली तरी मालिका लागते, आम्ही टीव्ही लावत नाही. त्यांनी खुर्ची फिरवून घेतली आहे, दाराकडे तोंड करून. जेवताना फारसं बोलणं होत नाही. कधी ते विचारतात, “त्या दिवशी काय दिलं व्हतं? पंचमीच्या?” मी आठवेल तेवढं सांगतो. काही दिवस आठवत नाहीत, तेव्हा तसंही सांगतो.