दोन ड्रायव्हर आणि नवसाचा कोंबडा

पापातून माणूस मोकळा कसा होतो, हे मला वयाच्या चोविसाव्या वर्षी दोन ड्रायव्हरांनी शिकवायला घेतलं. दोघंही पट्टीचे वाद घालणारे, आणि माझी खोली नेमकी दोघांच्या मध्ये. त्यामुळे दोन्हीकडचं ऐकणं मला भागच होतं.

लढाईचे दिवस होते. मी कर्जतच्या मामलेदार कचेरीत कारकून होतो आणि स्टेशनमागच्या चाळीत राहत होतो. डावीकडच्या खोलीत वसईचे एक ख्रिस्ती गृहस्थ सहकुटुंब राहत. घाट चढणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिन लावतात, ते चालवण्याचं त्यांचं काम. चाळ त्यांना इंजिनवाले म्हणे. उजवीकडे खालापूरकडचे मुसलमान चाचा होते. ते कर्जत-खालापूर सर्व्हिस मोटर चालवत. पेट्रोल मिळेनासं झाल्यापासून ती मोटर कोळशाच्या गॅसवर चाले, म्हणजे चालली तर चाले.

संध्याकाळी दोघं ओट्यावर बसले की विषय ठरलेला. इंजिनवाले म्हणायचे, माणूस जन्मतःच पापी असतो, त्याला स्वतःच्या बळावर वर चढता येत नाही. म्हणून येशूनं सगळ्यांसाठी आपला बळी दिला, एकदाच, कायमचा. "घाटात गाडीला मागनं इंजिन लावतो ना आम्ही, तसं समजा." चाचांना हे मुळीच मान्य नव्हतं. पोर जन्माला येतं ते कोरं, पुढे जे काय करील ते त्याचं त्यानं निस्तरायचं. "माजी मोटर बगा. तिला कुनी मागनं लावतंय का? आपला गेर, आपला ब्रेक. ज्याचं वझं त्यानं व्हायचं." बापानं देवासाठी मुलावर सुरी उचलली आणि ऐनवेळी मेंढा आला, ही गोष्ट मात्र दोघांकडेही होती. पण तो मुलगा थोरला की धाकटा, यावर त्यांनी अख्खा पावसाळा घालवला. मी तेव्हा सुधारक मंडळींची वर्तमानपत्रं वाचत असे, आणि बळीबिळी सगळं खुळं आहे अशा समजुतीत मधे बसून दोघांनाही हसत असे.

त्याआधीच्या वर्षी मला विषमज्वर झाला होता. एकवीस दिवस मी अंथरुणाला खिळलो होतो. आमचं गाव खालापूरच्या रस्त्यावर, पण आईचं माहेर कोंडाण्याच्या बाजूला. तिनं माहेरच्या देवीला कोंबडा बोलला आणि नवस फिटेपर्यंत भात सोडला. तांदळाची भाकरीसुद्धा नाही, नुसती नाचणी. आमच्या भागात भात सोडणं म्हणजे काय, हे तिकडच्याच माणसाला कळेल. तिचे गुडघे धरलेले, डोंगरातल्या देवळापर्यंत चढून जाणं तिला जमेना. म्हणून तिनं एका शनिवारी तो कोंबडा पाय बांधून माझ्या हातात दिला. "उद्या आयतवार हाय. देवीला पोचव आन् नारळ घेऊन ये," म्हणाली.

रविवारी ऊन रणरणत होतं. कोंडाणं दोन-अडीच कोसांवर. चाळीत महिनाभर कुणी कोंबडीचं नाव काढलं नव्हतं. मी कोंबड्याकडे पाहिलं, तो माझ्याकडे पाहत होता. देवीला याचं काय करायचंय, असा एक सुधारकी विचार माझ्या डोक्यात आला आणि त्यानं माझे पाय मोडले ते मोडलेच. गावाहून कोंबडा आलाय, एवढंच मी शेजाऱ्यांना सांगितलं. चाचांनी अल्लाचं नाव घेऊन तो कापला. इंजिनवाल्यांच्या घरी, वर्षभरासाठी बाटल्यांत भरून ठेवलेल्या त्यांच्या खास मसाल्यात तो शिजला. जेवणाआधी त्या सगळ्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली. मीही मिटले, कारण वास फार चांगला सुटला होता. पुढच्या शनिवारी मी कर्जतच्या बाजारातला नारळ फोडला, एका वाटीला कुंकू लावलं आणि ती देवीचा प्रसाद म्हणून आईला नेऊन दिली. तिनं ती डोक्याला लावली, डोळे पुसले आणि त्या संध्याकाळी वर्षानं भात खाल्ला. मी समोर बसून तिच्याकडे न बघता जेवलो.

महिन्याभरानं चाचा माझ्या दारात येऊन उभे राहिले. हातात तांदळाचं गाठोडं होतं. त्यांची मोटर रोज आमच्या गावावरून जायची, आईनं ती हात करून थांबवली होती.

"आयनं दिल्यात," चाचा म्हणाले. "म्हनली, माज्या पोरानं देवीला कोंबडा पोचवला, आता मी भात खाते, त्याला बी नव्या भाताचं घाला. भाऊसाहेब, त्यो कोंबडा कंचा?"

मी खाली पाहिलं. तेवढं त्यांना पुरलं. एवढा धिप्पाड माणूस, उंबऱ्यावर मटकन बसला. "देवीला बोलल्याला कोंबडा मी कापला? आन् खाल्ला बी?" आवाज ऐकून इंजिनवाले आले. त्यांना कळलं तसा त्यांचाही चेहरा पडला, कारण त्यांच्याकडेही दुसऱ्या देवासाठी ठेवलेलं खाण्याविषयी बरंच काही सांगितलेलं होतं. मग पाप नक्की कुणाचं, कापणाऱ्याचं, शिजवणारीचं की खाणाऱ्याचं, यावर तासभर खल झाला. इंजिनवाल्यांच्या बायकोनं आतून सांगितलं की शिजवणारीला यात ओढायचं नाही. शेवटी पाप माझं, यावर सर्वांचं एकमत झालं.

तरी दोघांनाही धाकधूक होतीच. शुक्रवारी चाचांनी मौलवींना विचारलं. नकळत झालं त्याचा गुन्हा नाही, तरी तौबा करा, असं त्यांनी सांगितलं. चाचांनी तिथल्या तिथे तौबा केली. इंजिनवाल्यांनी रविवारी पाद्रींपुढे कबुली दिली आणि सांगितलेल्या प्रार्थना म्हणून टाकल्या. आपलं दोन दिवस आधी झालं आणि मधे कुणी माणूसही लागला नाही, हे चाचांनी त्यांना ऐकवलंच. आपलं रीतसर झालं, असं इंजिनवाल्यांचं म्हणणं. एकूण आठवड्यात दोघंही धुतल्यासारखे स्वच्छ झाले आणि अडकून राहिलो मी एकटा.

हसण्यासारखं होतं, पण मला हसू येत नव्हतं. गाठोड्यातले तांदूळ मला शिजवता येईनात. माझ्या भरवशावर माझी आई तिकडे रोज जेवत होती, आणि तिच्या लेखी ते केवढं मोठं पाप ठरलं असतं, हे सुधारक असूनही मला पुरतं ठाऊक होतं. सांगावं तर तिचा घास कडू होणार, न सांगावं तर माझा. शेवटी एका संध्याकाळी मीच ओट्यावर येऊन दोघांना म्हटलं की मलाही काहीतरी उपाय सांगा.

"अल्लाचा गुन्हा अल्ला माफ करील," चाचा म्हणाले. "पन आयचा गुन्हा आयनंच माफ कराया होवा. तितं त्यो बी मधी पडत नाय."

इंजिनवाले आता खोडून काढतील म्हणून मी आशेनं पाहिलं. ते मान डोलावत होते. "आमच्यात पण तेच. देवापुढं जायच्या आधी, ज्याच्याशी वाकडं वागलो त्याच्याकडं जाऊन मिटवून यायचं." वर्षभरात पहिल्यांदा दोघांचं जमलं आणि ते नेमकं माझ्यावर शेकलं.

मी वाटेतच उतरून पळेन अशी शंका असल्यामुळे इंजिनवाले रजा काढून माझ्याबरोबर चाचांच्या मोटरीत बसले. बाजारातून नवा कोंबडा घेतला. गावाअलीकडच्या चढावर मोटरचा गॅस बसला आणि सगळे उतारू खाली उतरले. इंजिनवाल्यांनी मागून खांदा लावला. "काय चाचा," ते धापा टाकत ओरडले, "तुमच्या मोटरीला मागनं कुनी लागत नाही ना?"

"आदी ढकला," चाचा आतून म्हणाले, "मंग बोला."

गावात चाचा मोटर उभी करून आमच्याबरोबर घरापर्यंत आले. आई ओसरीवर सुपात तांदूळ निवडत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. कोंबडा, मसाला, बाजारातला नारळ, सगळं. तिचे हात थांबले. रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "म्हंजे म्हैनाभर मी खाते त्यो भात..." आणि तिनं सूप हळूच बाजूला सरकवलं. मग डोंगराकडे तोंड करून तिनं हात जोडले. "माजं लेकरू हाय. अक्कल कमी हाय त्याला. त्याला काय करू नको. काय असंल त्ये माज्यावर घाल."

इंजिनवाल्यांनी मला कोपरानं ढोसलं. "बघा, हेच मी वर्षभर सांगतोय."

चाचांना राहवेना. "मावशे, दुसऱ्याचं पाप आपल्यावर घेता येत नाय. ज्याचं त्यानंच..."

"तुमाला पोरं किती?" आईनं विचारलं.

"चार."

"मंग गप बसा."

चाचा मोटरीत पाणी घालायला म्हणून निघून गेले. मी आईच्या पायाशी बसलो आणि चांगला चोवीस वर्षांचा सरकारी कारकून असून रडलो. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "झालं त्ये झालं. माफ न करून जाऊ कुटं मी?" म्हणाली आणि मला जेवायला वाढलं. मला भात, स्वतःला नाचणीची भाकरी.

पुढच्या रविवारी देवीला जायचं ठरलं. कोंबडा घेऊन मी एकटा जातो, असं मी म्हटलं, पण आईनं लुगडं बदललं आणि ती निघाली. चाचांनी तिला कर्जतपर्यंत आणलं, तिथून पुढे बैलगाडी केली. शेवटची चढण पायीच होती. दर दहा पावलांवर ती गुडघा धरून थांबे. मी तीनदा हात पुढे केला आणि म्हटलं, आई, कोंबडा माझ्याकडे दे, तू नुसती चाल.

"नको रं," ती अगदी मायेनं म्हणाली, आणि तिनं कोंबडा दुसऱ्या बगलेत घेतला.